रत्नागिरीतले नसांचे तपासणी केंद्र आणि अडीच हजारांत एकाचा आकडा

रत्नागिरी शहरात मज्जातंतूंची तपासणी आणि आनुवंशिक विकारांविषयीचे समुपदेशन एकाच ठिकाणी करणारे एक खासगी केंद्र आहे. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी मुंबईहून येणारे मज्जातंतूविकारतज्ज्ञ, नसांमधून संदेश किती वेगाने धावतो हे मोजणारे यंत्र, ते चालवणारी तंत्रज्ञ आणि घराण्याचा आजारांचा इतिहास लिहून घेणाऱ्या समुपदेशक एवढाच त्याचा पसारा आहे. माझी नणंद, तिचा मुलगा आणि अखेरीस माझे यजमान अशा तिघांची तपासणी तेथे झाली. या परीक्षणात केंद्राच्या काही त्रुटीही सांगणार असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही. ज्यांना गरज असेल त्यांना शहरातील कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ तेथे पाठवू शकेल. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे तपासणी कशी झाली याइतकेच, आमच्या घरात निघालेल्या शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक विकाराचे देशातील प्रमाण त्यांनी आम्हांला कसे सांगितले, याकडेही माझे लक्ष होते.

नणंद राजापूर तालुक्यातल्या गावी राहते. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आहे, खाली वहाळ आणि त्यावर साकव. गेली काही वर्षे चालताना तिच्या पायाचा चवडा उचलला जात नसे, चप्पल पायातून निसटून मागे राही, आणि लावणीच्या दिवसांत चिखलात रुतलेला पाय बाहेर काढणे तिला इतके जड जाऊ लागले की तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढून देण्यापुरतेच तिचे शेतातले काम उरले. गुडघ्याखालचे पाय बारीक झाले होते, तळपायाची कमान उंच आणि बोटे आकसलेली होती. मुलगा खो-खो खेळणारा, पण त्याचा घोटा वरचेवर मुरगळे. माझ्या सासऱ्यांचेही पाय असेच होते आणि गावात सगळे त्याला ‘पोलिओचा पाय’ म्हणत. सासरे आयुष्यभर मुंबईच्या गिरणीत उभे राहून काम करीत होते, आणि त्यांचे दोन्ही पाय सारखेच बारीक होते, या गोष्टीचा पोलिओशी मेळ बसत नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पोलिओ सहसा एका पायाला अधिक पकडतो, एकदा झालेली हानी पुढे दशकानुदशके सहसा हळूहळू वाढत जात नाही आणि स्पर्शज्ञान शाबूत राहते. नणंदेच्या पायांना तर फरशीचा गारवाही नीट कळेनासा झाला होता.

येथे येण्यापूर्वी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. एका ठिकाणी महिनोन्महिने बी-१२ ची इंजेक्शने झाली. दुसऱ्या ठिकाणी कुष्ठरोगाची शंका घेण्यात आली आणि ती शंका घरातल्या घरात न राहता वाडीभर पसरली. त्या शंकेला वैद्यकीय आधार नव्हता असे म्हणता येणार नाही, कारण कुष्ठरोगातही नसा जाड होतात, हातापायांची ताकद जाते आणि आपल्या राज्यात तो रोग आजही आढळतो. परंतु कुष्ठरोगात सहसा बधिर चट्टे असतात आणि दोन्ही बाजूंना सारखेपणा नसतो. रत्नागिरीच्या केंद्रातील डॉक्टरांनी तिच्या कोपरामागची आणि मानेच्या बाजूची नस बोटांनी चाचपून पाहिली, संपूर्ण त्वचा पाहिली, डावे-उजवे ताडून पाहिले आणि पहिल्याच भेटीत, सासूबाईंच्या समोर, हा कुष्ठरोग नाही असे स्पष्ट शब्दांत सांगितले. या एका वाक्यासाठीच मी या केंद्राला पुष्कळ गुण देईन.

नसांचा वेग मोजण्याची चाचणी, जिला सगळे एनसीव्ही म्हणतात, ती येथे फार काळजीपूर्वक करतात. तंत्रज्ञ मुलीने प्रथम नणंदेचे हात हातात घेऊन पाहिले, ते वातानुकूलनामुळे गार पडले होते, म्हणून तिने वातानुकूलन बंद करून गरम पाण्याच्या पिशवीने ते शेकले आणि त्वचेचे तापमान मोजूनच पुढे गेली. हात गार असेल तर वेग खोटा कमी दिसतो, असे तिने आम्हांला कारणासह सांगितले. मग अंगठ्याच्या गादीवर चकती चिकटवून मनगटाशी एक विजेचा हलका झटका दिला. अंगठा आपोआप उडाला आणि पडद्यावर एक लाट उमटली. तसाच झटका कोपराशी दिल्यावर लाट थोडी उशिरा उमटली. दोन ठिकाणांमधले अंतर टेपने मोजून, त्याला दोन लाटांमधल्या वेळेने भागले की वेग मिळतो. निरोगी माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो. नणंदेच्या हातात तो २२ निघाला, मुलाच्या हातात २०. हातातला वेग ३८ च्या खाली असेल तर नसेवरचे आवरण बिघडलेले आहे असे धरतात, आणि तो सगळ्याच नसांमध्ये एकसारखा मंद असेल तर बिघाड जन्मजात असण्याची शक्यता फार वाढते. झटक्यांची भीती वाटते खरी, पण ते सोसण्यापलीकडचे नसतात. मुलाने तक्रार केली नाही.

निदान झाले ते शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराचे. डॉक्टर त्याला सीएमटी म्हणतात. १८८६ साली पॅरिसमध्ये जाँ-मार्तें शार्को आणि पिएर मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून तिघांची नावे. आज शंभरांहून अधिक जनुकांमधले दोष या विकाराला कारणीभूत असल्याचे माहीत आहे. त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे सतराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची, ज्यात पीएमपी-२२ हे जनुक असते, एक प्रत जास्तीची असणे. हे १९९१ मध्ये उघड झाले. आवरणातले एक प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते आणि आवरण नीट बसत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून ती जास्तीची प्रत आली की पुरे होते, म्हणून प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. हा विकार आयुष्य सहसा कमी करीत नाही, आणि त्याला मुळापासून बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी एकाच दमात सांगितल्या नाहीत. पहिली सांगून ते थांबले, नणंदेने पदराने डोळे पुसले, आणि मगच त्यांनी दुसरी सांगितली.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यानंतरचा, समुपदेशक बाईंबरोबरचा वेळ. त्यांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला, पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळे काढीत त्या सासूबाईंना विचारत गेल्या: सासऱ्यांची भावंडे किती, त्यांतले गावात कोण, मुंबईत कोण, कोणाचे पाय कसे होते, कोणाची चप्पल निसटत असे, कोणाला हातात सुई धरता येत नसे. सासूबाईंना नावे पाठ होती, पण पायांबद्दल कोणी विचारलेच नव्हते. एक चुलत सासरे ‘जरा तिरपे चालत’, एक आत्या म्हातारपणी काठी घेऊन चालत ती ‘वयामुळे’, असे एकेक चौकोन आणि वर्तुळ पेन्सिलीने अर्धे काळे होत गेले. बाईंनी पुराव्याशिवाय एकही पूर्ण काळे केले नाही. ज्यांची तपासणी झाली नाही त्यांच्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले आणि मुंबईतल्या नातेवाइकांना ओल्या पायांनी फरशीवर उभे राहून उमटलेल्या ठशांचे फोटो पाठवायला सांगितले. कमान उंच असेल तर टाच आणि चवडा यांच्या मधला भाग फरशीवर उमटतच नाही.

मग त्या माझ्या यजमानांकडे वळल्या. ते बहिणीला सोबत म्हणून आले होते. त्यांना कसलीच तक्रार नव्हती. बाईंनी त्यांना टाचांवर उभे राहून चार पावले चालून दाखवा म्हणून सांगितले. त्यांना एकही पाऊल टाकता आले नाही. पंधरा-वीस वर्षे ते बूट घेताना पंज्याच्या वरच्या बाजूला दाटतो म्हणून एक माप मोठा घेत आले आहेत, आणि आम्ही दोघांनीही त्याचा कधी विचार केला नव्हता. त्यांच्या हातातला वेग २४ मीटर निघाला. नसांचा वेग लहानपणापासून मंद असूनही एखाद्याला पन्नाशीपर्यंत त्रास जाणवू नये, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीचे चालणे अवघड व्हावे, हे या विकारात घडते. आवरणाच्या आतला तंतू किती झिजला यावर दुबळेपणा ठरतो, नुसत्या वेगावर नाही.

यजमानांच्या या निदानामुळेच मला केंद्राच्या माहितीपत्रकाकडे परत जावे लागले. प्रतीक्षागृहात मिळणाऱ्या त्या रंगीत पत्रकात ‘भारतात दर अडीच हजार लोकांमागे एकाला हा विकार असतो’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. पत्रक मराठीत आहे, चित्रे चांगली आहेत, भाषा सोपी आहे. पण हे वाक्य भारताच्या मोजणीतून आलेले नाही. अडीच हजारांत एक हा जगभर उद्धृत होणारा आकडा १९७४ साली पश्चिम नॉर्वेतील कुटुंबांच्या अभ्यासातून स्क्रे या संशोधकांनी मांडला. त्यांना दर लाख लोकसंख्येमागे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच येणाऱ्या प्रबळ प्रकाराचे ३६, एक्स गुणसूत्रावरून येणाऱ्या प्रकाराचे ३.६ आणि दोघांकडूनही दोष आल्यावरच दिसणाऱ्या अप्रबळ प्रकाराचे १.४ असे मिळून ४१ च्या आसपास रुग्ण आढळले. तेच लाखात ४१ म्हणजे सुमारे अडीच हजारांत एक. उत्तर अटलांटिकच्या काठावरच्या वस्तीचे हे माप आपल्या माणसांना लावताना ते कोठून आले एवढे तरी पत्रकात छापायला हवे होते.

कारण इतर देशांतली मापे एकमेकांशी जुळत नाहीत. पश्चिम जपानमध्ये लाखामागे १०.८, आइसलंडमध्ये १२, उत्तर इंग्लंडमध्ये ११.८, स्पेनच्या कांताब्रियात २८.२, डेन्मार्कमध्ये २२.५, बेलग्रेडमध्ये ९.७ असे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. आणि पुन्हा नॉर्वेतच, ऑस्लोला लागून असलेल्या आकेर्शहुस परगण्यात, २०११ मध्ये ८२.३, म्हणजे १,२१४ लोकांमागे एक. एकाच देशातल्या दोन आकड्यांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, आणि मधल्या चार दशकांत नॉर्वेतल्या लोकांच्या नसा दुपटीने बिघडल्या असे कोणी म्हणणार नाही. प्रदेश वेगळा होता हे खरे, पण मुख्य फरक शोधाच्या खोलीचा आहे: आकेर्शहुसमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे गाठून नातेवाइकांनाही प्रत्यक्ष तपासले गेले आणि जनुकीय चाचण्यांची जोड दिली गेली. रुग्णालयात आपण होऊन आलेल्यांचीच गणती केली तर माझ्या यजमानांसारखा माणूस कधीच मोजला जात नाही. आमच्या घरात रुग्णालयात गेलेली एक, तपासणीअंती सापडलेले तिघे. कागदावरची प्रश्नचिन्हे सुटली तर संख्या आणखी वाढेल.

हा फरक आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहिला तर त्याचे गांभीर्य कळते. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ५० हजारांच्या जवळ, म्हणजे दोन्ही मिळून पावणेपंचवीस लाखांना थोडी कमी. जपानच्या मापाने येथे सीएमटीचे सुमारे २६६ रुग्ण असतील, १९७४ च्या मापाने ९८६, आणि आकेर्शहुसच्या मापाने २,०३०. संपूर्ण देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर हीच मापे दीड लाखापासून साडेअकरा लाखांपर्यंत जातात. अडीचशे रुग्णांसाठी महिन्यातून एक दिवस येणारे डॉक्टर कदाचित पुरतील. दोन हजारांसाठी पुरणार नाहीत. चवडा उचलून धरणाऱ्या घोट्याच्या पट्ट्या बनवणारा कारागीर रत्नागिरीत बसवायचा की लोकांना कोल्हापूरला पाठवत राहायचे, हेही याच संख्येवर ठरते.

कोकणात मोजणीला आणखी एक अडचण आहे आणि ती परदेशातल्या कोणत्याही अभ्यासात सापडणार नाही. आपली माणसे येथे जन्मतात आणि मुंबईत आजारी पडतात. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ ते २०११ या दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, ती चाकरमान्यांच्या वाटेने. माझ्या सासऱ्यांना त्या काळी कोणी तपासले असते तर त्यांची नोंद परळच्या एखाद्या रुग्णालयात झाली असती, गावच्या नावावर नाही. निवृत्त होऊन ते परत आले तेव्हा तर ते ‘पोलिओचा पाय’ घेऊनच आले. अशा प्रदेशात जिल्हावार प्रमाण काढायचे तर मुंबईतली खोली आणि गावातले घर ही एकाच कुटुंबाची दोन ठिकाणे धरून मोजावे लागेल. समुपदेशक बाईंनी काढलेला कागद नेमका तसा होता. म्हणून मला राहून राहून वाटते की पत्रकातल्या आकड्यापेक्षा त्यांच्या कपाटात जमलेल्या कागदांची किंमत जास्त आहे, आणि ते कागद कपाटातच पडून आहेत. नावे काढून टाकून, रुग्णांची लेखी संमती घेऊन, हे वंशवृक्ष एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी देता येतील का, असे मी विचारले. तशी व्यवस्था नसल्याचे उत्तर मिळाले. ही या सेवेतली मला वाटणारी सर्वांत मोठी उणीव आहे.

घरोघर जाऊन मोजणे आपल्याकडे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये १९८५ च्या सुमारास सुमारे चौदा हजार लोकांची अशी मज्जाविकारांची पाहणी झाली आहे, आणि तीतून हातापायांच्या नसांच्या सर्व प्रकारच्या विकारांचे, मधुमेहासकट, त्या समाजातले प्रमाण मिळाले. तो समाज लहान आणि एकवटलेला होता. तरीही वाडी, पाखाडी आणि ग्रामपंचायत यांनी बांधलेले कोकणातले एखादे गाव त्याहून मोजायला फार अवघड ठरू नये.

प्रमाणाचा संबंध सरकारी धोरणाशीही येतो. युरोपात दहा हजारांत पाचांपेक्षा अधिक लोकांना नसणारा, म्हणजे दोन हजारांत एकाहून विरळ, तो दुर्मीळ आजार. या व्याख्येत अडीच हजारांत एक असलेला सीएमटी जेमतेम बसतो, आणि १,२१४ मागे एक असेल तर तो दुर्मीळ राहतच नाही. आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशी संख्येवर आधारलेली व्याख्या केलेली नाही, आणि तसे करण्याइतकी देशातली आकडेवारी हाती नाही हे धोरणातच मान्य केलेले आहे. सरकार जेथे सावधपणे आकडा देत नाही तेथे एका केंद्राने पत्रकावर तो ठामपणे छापावा, हे मला योग्य वाटत नाही. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पत्रक हातात घेऊन वाचले आणि पुढच्या छपाईत वाक्य बदलण्याचे मान्य केले. ते बदलले गेले की नाही हे मी पुढच्या भेटीत पाहणार आहे.

प्रकारांचे प्रमाणही सगळीकडे सारखे नसते, आणि याविषयी समुपदेशक बाईंनी विचारलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला: घराण्यात मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्ने झाली आहेत का? अप्रबळ प्रकारात आई-वडील दोघेही निरोगी दिसतात आणि दोघांकडून दोषी प्रत आली तरच मूल आजारी पडते, त्यामुळे नात्यातल्या लग्नांची रीत असलेल्या ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्को या देशांत या प्रकारांचा वाटा युरोपापेक्षा कितीतरी मोठा आहे. बल्गेरियातील डॅन्यूबकाठच्या लोम गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार तर युरोपातल्या रोमा या भटक्या समाजात एकाच पूर्वजाकडून पसरला. एका किनाऱ्याचे उदाहरण कोकणवासीयांनी विशेष ध्यानात घ्यावे: पोर्तुगालमध्ये पोव्हुआ द वार्झीं या मासेमारांच्या गावातील रुग्णांवरून पोर्तोचे डॉक्टर कोरीनो द आंद्राद यांनी १९५२ मध्ये नसा नासवणाऱ्या एका वेगळ्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, आणि नंतर त्याच परिसरात त्याचे प्रमाण लाखामागे ९० च्या आसपास भरले, जे देशाच्या सरासरीत कधीच दिसले नसते. आपल्या किनाऱ्यावरही पिढ्यान् पिढ्या आपसांतच लग्ने करणारे समाज आहेत. राष्ट्रीय सरासरी काहीही असो, एखाद्या वाडीचे प्रमाण तिच्यापेक्षा फार वेगळे असू शकते.

जनुकीय चाचणीबाबत केंद्राचा सल्ला प्रामाणिक होता. बाहेर जाहिरात होते ती हजारो जनुके एकदम वाचणाऱ्या महागड्या चाचणीची. येथे आम्हांला आधी फक्त पीएमपी-२२ च्या प्रती मोजणारी, एमएलपीए नावाची स्वस्त चाचणी करायला सांगितले, कारण मंद वेग आणि वडिलांकडून मुलांकडे आलेला विकार पाहता तीच शक्यता सर्वाधिक होती, आणि जास्तीची अख्खी प्रत महागड्या चाचणीत निसटूही शकते. नणंदेचा नमुना गेला, उत्तर अपेक्षेप्रमाणे आले, आणि मग बाकी दोघांवर पुन्हा मोठा खर्च करण्याची गरज नाही असे त्यांनीच सांगितले. अहवाल मात्र संपूर्ण इंग्रजीत, चार पाने, आणि त्याचा मराठीत एक परिच्छेदही नाही. नणंद सातवीपर्यंत शिकली आहे. तिच्या शरीराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा कागद तिला वाचता येऊ नये याचे मला वाईट वाटते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला काहीही त्रास नाही. तिची चाचणी करून टाकावी असा आग्रह मी धरला होता. बाईंनी तो मान्य केला नाही: लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची अशी चाचणी करू नये, कारण आज तिच्यावर करण्याजोगा वेगळा उपचार नाही आणि आपल्याविषयी हे जाणून घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. शक्यता निम्मी आहे एवढेच मला माहीत आहे आणि तेवढ्यावर थांबणे आईला सोपे नाही, तरी त्यांनी ज्या शांतपणे हे समजावले त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी प्रत्येकाला एक छोटे कार्डही दिले. त्यावर नसांना अपाय करू शकणाऱ्या औषधांची नावे आहेत, विशेषतः कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन, जे या रुग्णांना दिल्यास अल्पावधीत गंभीर दुबळेपणा येऊ शकतो.

जागेविषयी मात्र मला कठोर लिहिले पाहिजे. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, उद्वाहक नाही, जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे आणि पायऱ्यांवर गुळगुळीत लादी आहे. जुलैच्या पावसात छत्र्यांचे पाणी त्या लादीवर पसरलेले असताना, चवडा न उचलणारी माणसे भिंतीला धरून वर चढत होती. येथे येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण पायाने अधू आहे हे केंद्राइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? तळमजल्यावर निदान तपासणीची एक खोली घ्यावी, आणि तोवर पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या तरी लावाव्यात.

घोट्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे माप येथे घेत नाहीत, ते कोल्हापूरला जाऊन द्यावे लागते. पावसाळ्यात त्यांच्या आत घाम साठून पाय सोलवटतो, म्हणून सुती मोजे हवेतच. व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ चांगले आहेत. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेल्यावरच आरक्षणासारखे बरेच लाभ मिळतात. त्यासाठी लागणारे पत्र केंद्र विनाशुल्क देते. शुल्काचा फलक दर्शनी भागात आहे आणि त्याहून एक रुपया जास्त घेतला गेला नाही.

ज्यांच्या घरात दोन पिढ्यांत बारीक पाय, उंच कमान किंवा निसटणारी चप्पल आहे, त्यांनी येथे जावे. जाताना घरातले सर्वांत वयस्कर माणूस बरोबर न्यावे, कारण वंशवृक्ष त्यांच्याच आठवणीवर उभा राहतो, आणि जुने अनवाणी फोटो असतील तर तेही न्यावेत. मुंबईचे भाऊबंद गणपतीला येतात तेव्हाच सगळे एकत्र तपासून घेता येतात. त्या आठवड्यातल्या वेळा फार लवकर भरतात, म्हणून नाव श्रावणातच नोंदवावे आणि नोंदवताना किती जण येणार हे आधी सांगावे, म्हणजे तंत्रज्ञ तेवढा वेळ राखून ठेवते.